चारी बाजूंचं ऐकणारा माईक

सांगलीत हळद आधी नाकाला कळते, डोळ्यांना मागाहून. परवा एसटीतून उतरले आणि लागोपाठ तीन शिंका आल्या. शेजारचा कंडक्टर न बघताच म्हणाला, "आली वाटतं हळद." बाजाराकडून वारा येत होता. हमालांच्या पापण्या पिवळ्या, बैलांच्या पाठी पिवळ्या, चहावाल्याच्या बरण्यांच्या झाकणांवरही पिवळा थर. साताऱ्यात आमच्या घरी या दिवसांत डोंगरावरच्या जळक्या गवताचा वास येतो. त्या वासाने मला कधी काही आठवत नाही. हळदीने मात्र आठवतं. गेल्या वर्षी याच दिवसांत मी सांगलीजवळच्या माधवनगरला मामांच्या घरी माईक निवडत होते.

हे वाक्य लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतं. माझ्या वर्गातल्या मुली तेव्हा बी.ए.च्या परीक्षेच्या वह्या उतरवत होत्या. मी मात्र एक माईक समोरून किती ऐकतो आणि दुसरा मागून किती ऐकतो, यावर भांडत होते, तेही तत्त्वावर.

तत्त्व ही गोष्ट माझ्या घरात कागदातून आली. वडील साताऱ्यातल्या एका छापखान्यात कंपोझिटर. बिघडलेले, जादा निघालेले कागद ते घरी आणत आणि आई त्यांच्या वह्या शिवी. त्यामुळे माझ्या प्रत्येक वहीच्या एका बाजूला कुणाचं तरी पत्रक असे. निवडणुकीचं, सोसायटीच्या सभेचं, संपाचं, कधी हरवलेल्या बैलाचंही. गणित सुटेना की मी पान उलटून वाचत बसायची. 'बंधूंनो, जागे व्हा!' प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं, असंच मला फार दिवस वाटे. आणखीही एक वाटे. कागदाला दोनच बाजू, एक छापलेली आणि एक कोरी. माणसांचंही तसंच असणार.

मामा सैन्याच्या सिग्नल विभागात हवालदार होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी माधवनगरला घराच्या पुढच्या खोलीत रेडिओदुरुस्ती सुरू केली. मधली खोली मात्र त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती. भिंतींना गोणपाट ठोकलेलं, त्यावर मामीच्या जुन्या वाकळा टांगलेल्या, दाराच्या फटीत कापसाच्या वाती. मधोमध पाटावर स्पूलचा टेपरेकॉर्डर. कुणा अधिकाऱ्याने बदली होताना तो मामांना देऊन टाकला होता. मामा त्या खोलीला 'स्टुडिओ' म्हणत, मामी 'वाकळांची खोली' म्हणे. घरात येणाऱ्या प्रत्येक माणसाला मामा तिथे बसवत, माईकसमोर एक ते दहा आकडे म्हणायला लावत आणि लगेच ऐकवत. आपलाच आवाज ऐकून माणसं शरमायची. कुणी म्हणे, "ह्यो मी न्हवं." मामा म्हणत, "तूच हाईस गड्या. आमी रोज ह्योच ऐकतोय."

पण खरं रेकॉर्डिंग त्या खोलीत कधी झालंच नव्हतं. घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमागांच्या शेड. दिवसाच्या दोन्ही पाळ्यांत खडखडाट. वाकळा आवाज अडवत, पण जमीन हादरे त्याचं काय? टेपवर माणसाच्या बोलण्यामागे सतत खडक-फटक, खडक-फटक. एकदा मामांच्या डोक्यात आलं की हरिपूरच्या एखाद्या रिकाम्या पेवात उतरून रेकॉर्डिंग करावं. हळद साठवायची ती जमिनीखालची मोठी पेवं. तिथे बाहेरचा आवाज पोचत नाही. मामी म्हणाली, "आवं, पेवात वायू असतो. दिवा लावून बघत्यात आधी, मगच मानूस उतरतंय. गानं म्हनायला खाली गेला, आन वर आलाच न्हाई, तर टेप कोन ऐकनार?" पेव राहिलं.

मग संप झाला, आणि माधवनगरला आवाजच उरला नाही.

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं. लोक पुन्हा मागण्या लिहून देऊ लागले होते, आणि पत्रकं पुन्हा उघड्यावर वाटता येत होती. मागवाले आणि मागांसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया एकाच दिवशी बाहेर पडल्या. पहिल्या सकाळी सगळा गाव जरा बहिरा झाल्यासारखा झाला. मामी सवयीने ओरडूनच बोलायची. दोन दिवसांनी तिच्याच लक्षात आलं आणि ती इतकी हळू बोलायला लागली की मामांनी विचारलं, "बरं न्हाई का?" चिमण्या होत्या हे कळलं. शेजारच्या घरातला स्टोव्ह पिन मारल्यावर कसा घोगरा होतो ते कळलं. लांब कुठेतरी हळदीला पॉलिश करणारं पिंप फिरत होतं, त्याची घरघर दुपारी स्पष्ट ऐकू यायची. मागाच्या आवाजाखाली एवढं सगळं रोज चालू होतं.

तेव्हा मी मामांकडेच राहत होते आणि संपाची पत्रकं मीच लिहीत होते. संपाच्या कमिटीत मागांची देखभाल बघणारे रामभाऊ जॉबर मुख्य होते. वय पन्नाशीचं, एका हाताचं अर्धं बोट मागात गेलेलं. मी लिहिलेलं ते मोठ्याने वाचत आणि प्रत्येक उद्गारचिन्हापाशी ते उरलेलं अर्धं बोट वर करत. पण निम्म्या बायांना वाचता येत नव्हतं. त्या संपाच्या जागी बसून गाणी म्हणत, जात्यावरच्या चालीवर नवे शब्द बांधून. मला वाटलं, हीच खरी पत्रकं. ही टेपवर घ्यावीत आणि विट्याला, इचलकरंजीला, जिथे जिथे माग आहेत तिथे स्पूल पाठवावेत. मामांना सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा वीस वर्षांनी तरुण झाला. "मंग माईक पायजेत," ते म्हणाले. "एका माईकवर भागनार न्हाई."

एक माईक त्यांच्याकडे होता. कंडेन्सर. मला त्यांनी तो उघडून दाखवला. आत नखाएवढी चकती, तिच्यावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा. दोन्हींच्या मध्ये केसाएवढी फट आणि फटीत विजेचा ताण. आवाज लागला की पडदा थरथरतो, ताण हलतो आणि तेच तारेतून पुढे जातं. पोटात एक बारका सेल घालावा लागतो. "मंडपातला माईक असतो ना," मामा म्हणाले, "त्याच्यावर वरडावं लागतंय. ह्यो आपन हून ऐकाय येतो." पण तो एकच. समोर एक बाई म्हणणार, मागे दहाजणी तिची ओळ झेलणार. एकाच माईकने घेतलं की पुढचीचा आवाज घशात आणि मागच्यांचा विहिरीत. म्हणून अजून एक-दोन हवेत, आणि तेही पहिल्याच्या जातीचे, नाहीतर एकीचा आवाज पितळेचा आणि दुसरीचा मातीचा येईल. त्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तीन माईक जोडायची सोय आधीच करून ठेवली होती. डब्यावरचं बाळ तीन बटणांमधून हसत होतं.

पैसे होते थोडे. मी संपावर लिहिलेल्या पुस्तिका विकून आलेले, आणि मामांच्या पेन्शनमधले त्यांनी मामीला सांगून काढलेले. मुंबईच्या एका दुकानाचा फिरता विक्रेता दर महिन्याला सांगलीत येई. त्याने आठ दिवसांच्या पसंतीवर दोन प्रकार ठेवले. एक जडसर माईक, जाड जाळीचा. तो फक्त समोरचं ऐकणार आणि पाठीमागचं जवळजवळ नाहीच. दुसरी बारक्या माईकची जोडी, बोटाएवढे. ते चारी बाजूंचं सारखंच ऐकत. जमलेल्या पैशात एकतर तो एक, नाहीतर ही दोन.

मामांना तो एक हवा होता. "खोली बारकी हाय," ते म्हणाले. "चारी बाजूंचं ऐकनारा माईक भित्तीचं बी ऐकतोय, चुलीचं बी. आपल्याला म्हननारीचा आवाज पायजे."

मी म्हणाले, "मामा, समोरच्याचंच ऐकायचं आणि मागच्याचं नाही, हे तर वर्तमानपत्रवाले करतातच. मग आपण वेगळं काय केलं?"

"आगं, माईक हाय त्यो. इलेक्शनला हुबा न्हाई."

"सगळ्यांचं सारखं ऐकणारा माईक पाहिजे. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"लय तत्त्व झालं म्हंजी आवाज घुमतोय," मामा म्हणाले. पण ते न्यायी होते. त्यांनी तोडगा काढला. हळदीच्या बाजारात जुने व्यापारी अजूनही रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात. कुणी काय बोललं ते तिसऱ्याला कळत नाही. आपणही तसंच करू, मामा म्हणाले. मामी आणि संपावरच्या पाच बाया बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या. मामांनी आत एकीकडून दोन्ही प्रकारांवर तेच गाणं घेतलं, पुन्हा लावलं, आणि मग प्रत्येकीसमोर रुमाल धरला. पहिला आवडला तर एक बोट दाबायचं, दुसरा आवडला तर दोन.

एक बाई दोन्ही वेळा हसूनच वाकडी झाली. "हवालदार, बोट दाबायचं का मोडायचं?"

निकाल चारी बाजूंच्या माईकच्या बाजूने लागला. इथे एक गोष्ट लिहिली पाहिजे. पाचजणींपैकी तिघींना मी सकाळीच नळावर सांगून ठेवलं होतं की दुसऱ्यांदा वाजेल ते चांगलं आहे. सगळ्यांचं सारखं ऐकलं जावं म्हणून मी मतं फिरवली. तेव्हा मला त्यात काही विसंगत दिसलं नाही.

गाणी म्हणणाऱ्यांत हौसाक्का पुढे असे. पस्तिशीची, उंच, हाडापेराची बाई. माहेर आटपाडीकडचं, मेंढरांमागे वाढलेली. नवरा मुंबईला गोदीत गेला तो तिकडचाच झाला होता. ती नऊ वर्षं एकाच शेडमध्ये, एकाच खिडकीपाशी, एकाच मशीनवर कांड्या भरत होती. आवाज असा की शेडमधल्या चोवीस मागांवरून तिची हाक दारापर्यंत पोचे. तो आवाज तिने मागांशी भांडून कमावला होता. आमच्या शांत खोलीत ती पहिल्यांदा गायली तेव्हा टेपरेकॉर्डरवरचा काटा लाल खुणेपलीकडे जाऊन आपटला. मामांनी तिला मागे सरकवलं, अजून मागे सरकवलं, शेवटी दाराच्या उंबऱ्यावर बसवलं.

"हितनं म्हनू का मंग गल्लीतनं?" ती म्हणाली.

"हळू म्हन, हौसा."

"हळू कसं म्हनत्यात ती मला म्हाईतच न्हाई, आवं."

ती खोटं बोलत नव्हती. पण तिने त्या आठवड्यात एक गाणं बांधलं होतं. ते म्हणताना मात्र तिचा आवाज आपोआप खाली आला.

माग थांबला गं बाई, कान माझं उघडलं
माझ्याच बांगडीला आज म्याच वळकलं

मागच्या दहाजणींनी ते झेललं. मग दोन कडवी शेटजींवर, एक कडवं रामभाऊंच्या बोटावर. त्यावर सगळ्या हसल्या, ते हसूही टेपवर आलं. मी मुद्दाम सांगितलं होतं की काही कापायचं नाही. हसणं, खोकणं, पोराला दटावणं, सगळं राहू दे. जे आहे ते आहे. दुपारभर रेकॉर्डिंग चाललं. बाया थांबत, पाणी पीत, आपसांत बोलत. मामा पुढच्या खोलीत कुणाचा तरी रेडिओ द्यायला गेले. स्पूल फिरत होता आणि तिन्ही बटणं चालूच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मामा ऐकत बसलो. गाणं संपलं. भांड्यांचा आवाज. बाहेर चिमण्या. मग अगदी मागून, भिंतीजवळून दोन बायांचं हळू बोलणं. एक आवाज शेजारच्या शेडमधल्या पारूबाईचा. दुसरा हौसाक्काचा. हळू बोलायला तिला येत होतं तर.

"...सोमवारी जानार हाय मी. कुनाला बोलू नगंस."

"आन कमिटी?"

"मुकादमानं सांगितलंय, सोमवारी न्हाई आलीस तर खिडकीचं मशीन दुसरीला. बाकीच्यास्नी घेत्याल परत, मला न्हाई. गानी म्हनती म्हनून."

मग पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज. मग कुणीतरी, "चल गं, फुडचं म्हनू."

मामांनी बटण दाबलं. स्पूल थांबला. लांबून पॉलिशच्या पिंपाची घरघर ऐकू आली.

संपाच्या तिसऱ्या दिवशी मी एक पत्रक लिहिलं होतं. तडजोड होण्याआधी जो कुणी कामावर जाईल त्याचं नाव चौकातल्या फळ्यावर लिहिलं जाईल, असं त्यात होतं. रामभाऊंनी ते वाचताना बोट दोनदा वर केलं होतं. ते वाक्य मला फार आवडलं होतं. त्याला उद्गारचिन्ह नव्हतं, त्यामुळे ते जास्त कडक वाटे.

"मामा," मी म्हणाले, "ही जोडी परत करू या. तो जड माईक ठेवू."

"का?"

"खोली लहान आहे. तुम्हीच म्हणत होता."

मामा सेल काढून पुसत होते. "पोरी, माईकनं काय वाईट केलं न्हाई. त्याला ऐकाय आनलावतास, त्यानं ऐकलं."

"मग आता काय करायचं?"

"सिग्नलमधी लाईनवर बसलेल्या मानसाला समदं ऐकू येतंय. सायबाचं भांडान, कुनाच्या घरनं काय सांगावा आला, कोन रडतंय. त्यातलं आपल्या कामाचं तेवढं उचलायचं. बाकीचं तितंच ठिवायचं आन लाईन चालू ठिवायची."

"पण हे आपल्या कामाचंच आहे."

मामांनी सेल परत आत घातला आणि झाकण फिरवून बंद केलं.

रविवारी दुपारी हौसाक्का एकटीच आली. पहिल्या दिवशीची तिची एक ओळ लाल खुणेपलीकडे जाऊन फाटली होती, ती पुन्हा घ्यायची होती. मामा माईक लावत होते. मी उंबऱ्यावर तिच्याजवळ बसले आणि सांगून टाकलं.

"हौसाक्का, मागचं पण आलंय टेपवर."

"मागचं म्हंजी?"

"सोमवारचं."

ती लुगड्याला चिकटलेला सुताचा दोरा काढत होती. तो निघाला तरी तिची बोटं तिथेच राहिली.

"किती जनींनी ऐकलं?"

"मी आणि मामांनीच."

"मंग आता लिवनार तू."

मी मामांकडे पाहिलं.

"लिव की. तुजं कामच हाय ते. त्या कागदात तू लिवलंवतंस, पोटाला चिमटा घ्या. माज्या पोरीनं वाचून दावलं. लय ग्वाड लिवलंयस. पर आगं बाय, चिमटा घ्यायला पोटात कायतरी लागतंय. नुसत्या कातड्याला चिमटा घेतला तर हातात कातडंच येतंय."

"कमिटी धान्य देणार आहे."

"धान्याचं न्हाई गं म्हनत मी. मशीनचं म्हनते. उंद्या तुमी जिकलासा, समदी आत गेली, आन माज्या खिडकीत दुसरी बसली. मंग माजं जिकलं का हारलं? आन कमिटीला सांगितलं असतं, तर रामभाऊ मुकादमाच्या दारात वरडाय गेला असता आन मशीन आजच गेलं असतं."

तिचं चूक आहे हे मला ठाऊक होतं. का चूक आहे तेही मी पाच ओळींत लिहून देऊ शकले असते. त्या पाच ओळी उंबऱ्यावर बसून म्हणता येईनात.

"पुसून टाकू का ते?" मी विचारलं.

"पुसलं म्हंजी मी गेलीच न्हाई असं व्हनार हाय का?" ती उठली. "गानं तेवढं ठेव. ते माजं हाय. ते मी आत गेले तरी म्हननार."

मग तिने ती फाटलेली ओळ पुन्हा म्हटली. या वेळी काटा बरोबर खुणेवर थांबला.

ती गेल्यावर मी मामांना न विचारता माईकची वायर काढली आणि स्पूल त्या जागी आणला. जेवढं त्या दोघींचं बोलणं होतं तेवढ्या अंतरावर कोरं रेकॉर्डिंग घेतलं. काही कापायचं नाही असं म्हणणारी मीच होते. तिथे आता काही नाही, थोडी खरखर आहे. संध्याकाळी रामभाऊ आले आणि म्हणाले, "बायांच्यात कायतरी कुजबूज हाय म्हनत्यात. तुझ्या कानावर आलं का?" मी नाही म्हणाले. समोर माझ्याच पत्रकांचा गठ्ठा होता.

सोमवारी सकाळी एका शेडचे आठ माग सुरू झाले. आठच, पण इतक्या दिवसांच्या शांततेनंतर ते चोवीसांसारखे वाटले. मामी भाकरी थापता थापता थांबली, मग पुन्हा थापू लागली. काही मागवाले आणि चौघी बाया आत गेल्या होत्या, हौसाक्का त्यात पहिली. फळ्यावर नावं लिहायला रामभाऊंनी मला बोलावलं. मी लिहिणार नाही म्हणाले. "का? तुजंच पत्रक हाय," ते म्हणाले, आणि खरोखरच त्यांना कळेना. शेवटी एका शिकाऊ मागवाल्याने लिहिली. नियम माझा होता, फक्त अक्षर दुसऱ्याचं.

त्याच दिवशी विक्रेता आला. बारकी जोडी ठेवायची की जड माईक, हे ठरवायचं होतं. मामांनी जड माईक त्याच्या पेटीत घातला आणि जोडीचे पैसे दिले. 

नळावर हौसाक्काने कळशी रांगेत ठेवली की पुढची आणि मागची बाई आपापली कळशी उचलून दुसरीकडे ठेवी. मग हौसाक्काची कळशी रांगेत एकटीच उरे. कुणी शिवी देत नव्हतं. शिवी परवडली असती. ती शेवटी सगळ्यांचं झाल्यावर भरायची. एकदा तिच्या वेळेला पाणीच गेलं. ती रिकामी कळशी कमरेवर घेऊन, भरलेली असावी तशी कमरेत वाकून गेली. हे मी दारातून पाहिलं. त्यावर काही लिहिलं नाही.

दहा-बारा दिवसांनी तडजोड झाली. मागितलं त्याच्या निम्मं मिळालं. दोन बायांची मशीनं खरोखरच दुसऱ्यांना देऊन झाली होती. त्या दोघी शेवटपर्यंत बाहेर राहिलेल्या होत्या. त्यातलं एक मशीन कमिटीने महिनाभर भांडून परत मिळवलं, एक नाही मिळालं. त्यामुळे हौसाक्का बरोबर होती की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. एवढं सांगता येतं की तिची भीती खोटी नव्हती, आणि ती आत गेली म्हणून बाहेरच्यांचं बळ कमी झालं हेही खोटं नव्हतं. या दोन गोष्टी एकाच कागदावर कशा लिहायच्या ते मी अजून शिकते आहे.

तडजोडीनंतरच्या रविवारी दुपारी चौकात सभा ठरली. तिथे कर्ण्यावर आमचा स्पूल वाजायचा होता. आदल्या दिवशी रामभाऊ मामांकडे आले. वाकळांच्या खोलीत बसले नाहीत, उभेच राहिले.

"हवालदार, हौसाचं गानं काढून टाका. बायास्नी चालनार न्हाई."

"कुठलं गानं?"

"आता कुठलं म्हनून काय इचारता? ती ज्यात हाय त्ये समदं."

मामांनी स्पूल चढवला आणि एक गाणं लावलं. ते पारूबाईने पुढे होऊन म्हटलेलं होतं. मागच्या झेलणाऱ्या आवाजांत हौसाक्काचा आवाज लख्ख वर होता. दुसरं लावलं, तेही तसंच. तिसऱ्यात मागून कुणीतरी खळखळून हसत होतं, तीच. मोकळ्या वेळच्या गप्पांतही ती, पोराला दटावणारीही ती.

"समोरच्याचंच ऐकनारा माईक असता तर काढता आलं असतं, रामभाऊ," मामा म्हणाले. "ह्या माईकनी समद्यास्नी येका दमात घेतलंय. तिला काढायचं तर काढतो. पर तिच्यासंगं समद्या निघत्याल. मंग चौकात काय लावायचं बोला. माजे येक ते दहा आकडे हायत."

रामभाऊंनी अर्धं बोट कानात घालून खाजवलं. मामांनी मग हौसाक्काचंच गाणं लावलं. त्या गाण्यात त्यांच्या बोटावरचं कडवं होतं. त्यांना हसू आलं, त्यांनी ते मिशीत दाबलं. "लावा मंग," ते म्हणाले. "पर आधी सांगू नगा कोनाचा आवाज हाय."

सांगायची गरजच नव्हती. चौकात पहिली ओळ वाजली आणि सगळ्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एवढा मोठा आवाज माधवनगरात दुसरा कुणाचा असणार? पारूबाईने मांडीवरचं पोर सावरलं आणि मान खाली घातली. झेलायची ओळ आली. कर्ण्यातून दहाजणींनी झेलली, पण जमिनीवर बसलेल्या गप्प होत्या. दुसऱ्यांदा आली तेव्हा कडेची एक म्हातारी म्हणायला लागली, सवयीने. मग तिच्या शेजारची. मी तिथून उठले.

शेड सुरू होती. तडजोडीत रविवारची एक पाळी भरून द्यायची ठरली होती आणि हौसाक्का त्या पाळीला होती. मी मागच्या बोळातून तिच्या खिडकीपाशी गेले. चोवीस माग चालू होते, कर्णा तिथपर्यंत पोचत नव्हता. ती कांड्या भरत होती. मला पाहून तिने हात थांबवला नाही. मागवाल्यांमध्ये कामाच्या वेळी बोलणं हातांनीच चालतं. तिने एका हाताने कानाकडे दाखवलं आणि भुवया उंचावल्या. लावलं का?

मी हो म्हणून मान हलवली.

तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि मग तळवा हवेत आडवा फिरवला, पाटी पुसतात तसा. मला पुसलं का?

मी नाही म्हणून मान हलवली. मग आणखी काहीतरी सांगावं म्हणून दोन्ही हात उचलले, पण ते कसं दाखवायचं ते मला येत नव्हतं. तिने क्षणभर वाट पाहिली. तेवढ्यात तिची कांडी भरली. ती वळली, भरलेली काढून टोपलीत टाकली आणि रिकामी लावली.